बाहीखालचा डाग

डाग डाव्या हाताच्या आतल्या बाजूला होता, कोपराच्या घडीपासून चार बोटं खाली. रंग दूध जास्त झालेल्या चहासारखा. कोपराकडची कड दातेरी होती, ओला कागद फाडल्यावर दिसते तशी. मनगटाकडची मात्र पसरट आणि फिकी, नेमकी कुठे संपते ते सांगता येऊ नये अशी. मधोमध रंग किंचित गडद होता आणि त्या गडद भागात दोन बारीक केस होते. टॅटू काढणाऱ्या धाकटीने एवढं सगळं आधी नुसतं पाहून घेतलं. मग पिशवीतून ट्रेसिंग पेपर काढला.

"हात लावला तर चालेल ना?" तिने नर्सला विचारलं.

"सलाइनची नळी तेवढी सांभाळा. आणि लवकर आटपा, राउंडची वेळ झालीय. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं तर मी सांगणार, मावशी आहेत म्हणून."

पलंगावरची मुलगी पंचविशीतली होती. गळ्याला भोक पाडून बसवलेली नळी शेजारच्या यंत्राला जोडलेली होती, आणि यंत्र ठरलेल्या लयीत तिची छाती वर-खाली करत होतं. डोळे अर्धवट उघडे. कोणाकडेही न पाहणारे. हात सुजून तुकतुकीत झाला होता. धाकटीने कागद धरायला अंगठा टेकवला तर तिथे खळगा पडला आणि बराच वेळ भरून येईना. तिने अंगठा उचलला आणि कागद वरच्यावर, न दाबता धरला.

पायथ्याशी मुलीची आई उभी होती. ती शिवणकाम करायची; कपडे बेतणं, उसवणं, ढगळ झालेले बसते करून देणं. दुकानातून तशीच निघून आली होती, त्यामुळे मोजपट्टी अजून गळ्यातच होती.

"खाली शेपूट आहे बघा त्याला," ती म्हणाली. "मनगटाकडे. दोऱ्याएवढं बारीक."

"दिसत नाहीय."

"आहे. नीट बघा."

धाकटीने चष्मा वर करून, अगदी जवळ जाऊन पाहिलं. "फिकट काहीतरी आहे. रेघ अशी नाहीय."

"ताई, मी आंघोळ घातलीय तिला. मला माहीत नसेल?"

धाकटी वाद घालत नसे. जिथे रेघ दिसली तिथे तिने रेघ मारली आणि जिथे नुसता फिकटपणा होता तिथे पेन्सिलीचे तुरळक ठिपके दिले. मग टेलरबाईकडे हात केला. "तुमची पट्टी द्या जरा."

तिने सुजलेल्या हाताचा घेर मोजला आणि कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवला. टेलरबाईने तो आकडा वाचला आणि तोंड फिरवलं.

धाकटीचं दुकान म्हणजे खरं तर तिच्या मोठ्या बहिणीचं, अक्काचं, केस कापायचं दुकान होतं. पुढे अक्काच्या दोन खुर्च्या, आरसे, भिंतीवरचा कर्कश रेडिओ. मागे पडदा, आणि पडद्यामागे धाकटीची खोली: एक आडवी खुर्ची, दिवा, हात धुवायचं बेसिन आणि शाईच्या बाटल्या. पूर्वी ती एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होती. परीक्षानळ्या धुवायच्या आणि शिक्षकांना लागतील त्या आकृत्या फळ्यावर काढून ठेवायच्या. फुलाचा उभा छेद, बेडकाचं हृदय, कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी. शाळेने प्रयोगशाळेच्या जागी संगणकांची खोली केली तेव्हा ती अक्काकडे आली. आधी भुवया रेखायला शिकली, मग भाजल्याचे आणि टाके घातल्याचे वण झाकायला, मग टॅटू. तिला लग्नाचं विचारणारे लोक कधीच विचारायचे थांबले होते. आता सगळे एकच विचारायचे, की तुमच्या स्वतःच्या अंगावर काहीच कसं नाही. "हिचं अजून ठरायचंय," अक्का परस्पर सांगून टाकायची. "पन्नाशी आली. चितेवर ठरवेल."

गिऱ्हाइकांना घायकुतीला आणणारी तिची एक पद्धत होती. नक्षी ठरली की ती आधी साध्या पेनाने अंगावर काढायची आणि माणसाला घरी पाठवायची. "भांडी घासा, कामावर जा, चारचौघांत मिसळा," ती सांगायची. "कोणी विचारलं हे काय, तर आपण काय उत्तर देतोय ते ऐका. पुसून गेल्यावर चुकल्याचुकल्यासारखं वाटलं तर या." परत आलेल्या माणसाने तोंडाने 'हो' म्हटल्याशिवाय ती सुई लावत नसे. मान हलवलेली चालत नसे. एकदा एक तरुण मान डोलावून खुर्चीत बसला होता आणि पहिल्या टोच्याला ओरडला होता की मला नकोच होतं, हिला हवं होतं. त्याच्या दंडावर एका अक्षराचं एक टोक आयुष्यभरासाठी राहून गेलं.

टेलरबाई पहिल्यांदा आली तेव्हा नवरा बरोबर होता. लिफ्ट दुरुस्त करणारा, उंच, खांद्यात वाकलेला माणूस. पडद्यापाशी येऊन तो थांबला, आत शिरला नाही. बाईने पर्समधून तपकिरी कापडाचे तुकडे काढून टेबलावर मांडले. पाच-सहा होते.

"हा तिचा डाग," ती म्हणाली. "मला इथे काढून हवाय. तिच्यासारखाच. तिच्याच जागी."

"एवढे डाग आहेत?"

"एकच आहे. कापून कापून बघितला. एकही बरोबर येत नाहीय." तिने एक तुकडा उचलला. "अख्खं आयुष्य कापडावर गेलं माझं. माणूस दारातून आत आला की माप कळतं. आणि हा येत नाही."

"फोटो असेल की एखादा."

तिने तुकडा परत टेबलावर ठेवला. नवराच पडद्याजवळून म्हणाला, "फोटोत बाह्या असतात."

मग तिने सांगितलं. शाळेत पोरी चिडवायच्या, चहा सांडलाय, पूस की. पोर एकदा घासणीने घासून हात सोलवटून घरी आली. त्या दिवसापासून आईने तिच्या प्रत्येक कपड्याला लांब बाही लावली. गणवेशाला, फ्रॉकला, पुढे बेकरीत कामाला लागली तेव्हा तिथल्या कोटालाही. "वीस-एकविसाची असेल. एकदा म्हणाली, आई, मला एक बिनबाह्यांचा शिव ना. आता मला काही वाटत नाही त्या डागाचं. मी म्हटलं, शिवू पुढच्या वेळी. उन्हात काळवंडशील." तिने तुकडे एकावर एक रचले, कडा जुळवल्या, पुन्हा पसरले. "बेकरीतच जात होती सायकलवरून. मागून गाडी आली. हॉस्पिटलात बाही कात्रीने कापली त्यांनी, तेव्हा इतक्या वर्षांनी मी तो दिवसाउजेडी पाहिला. आणि तेव्हा मी त्याच्याकडे बघत होते का?"

धाकटीने तुकडे घेतले आणि दिव्यासमोर एकमेकांवर धरले. प्रत्येकाची कड निराळ्या जागी होती. फक्त मधला, नखाएवढा भाग सगळ्यांत सारखा होता.

"एवढं तुम्हाला पक्कं आठवतंय," ती म्हणाली. "बाकीचं मला बघावं लागेल."

म्हणून ती हॉस्पिटलात गेली होती.

तिथून आणलेला कागद तिने टेलरबाईच्या हातावर धरला आणि पेनाने डाग काढला. तो निम्म्या हातावर पसरला.

"हा तिचा नाही," टेलरबाई बघता क्षणी म्हणाली. "हा कुणाचा तरी."

"सूज आहे तिला. कातडी ताणली गेलीय, त्याबरोबर डागही ताणलाय."

"मग कमी करा."

"नुसता लहान करून नाही चालणार. हात जाडीला सुजतो, लांबीला नाही. डाग आडवा पसरलाय, उभा होता तेवढाच आहे. मूळचा घेर कळला तर आडवा तेवढाच आत घेता येईल."

टेलरबाईने क्षणाचाही विचार न करता मुलीच्या हाताचा घेर सांगितला. कोपराखाली इतका, मनगटाशी इतका, आणि वर शिवताना दोन बोटं सैल. तिच्या तोंडून आकडे आपोआप आले. पोराचं नाव सांगावं तसे.

पुढचे काही दिवस धाकटीने गिऱ्हाइकांमधल्या मोकळ्या वेळात तेच केलं. कागदावर उभ्या-आडव्या रेघांची जाळी आखली. प्रत्येक उभी रेघ तिच्या शेजारणीच्या जवळ सरकवली, पण आडव्या रेघा जागच्या हलवल्या नाहीत. चौकटीमागून चौकट डाग नव्या जाळीत उतरवला. अक्का पडदा सारून डोकावली. "एवढ्या वेळात मी दहा डोकी भादरली. तुझं अजून गणितच चाललंय?"

"होत आलंय."

"तिच्या मुलीचं काय म्हणतात डॉक्टर?"

"मी विचारलं नाही."

"तू कशाला विचारशील," अक्का म्हणाली. "तू डाग मोजशील."

जाळी आवळत खालच्या टोकाशी आली तेव्हा एक गोष्ट झाली. हॉस्पिटलात दिलेले ते तुरळक ठिपके एकमेकांच्या जवळ आले आणि त्यांची एक बारीक रेघ झाली. दोऱ्याएवढी. मनगटाकडे जाऊन किंचित वळलेली. धाकटी बराच वेळ ती रेघ बघत राहिली. मग उठून तिने हात धुतले, गरज नसताना.

टेलरबाई आली त्या दिवशी धाकटीने शेपटाबद्दल आधी काही सांगितलं नाही. हात पुसून घेतला, कागद लावला, पेन चालवला. दातेरी कड, मधला गडद भाग, आणि शेवटी खालची रेघ. पेन उचलून ती बाजूला झाली.

टेलरबाईने हात दिव्याखाली धरला. फिरवून पाहिला. 

"हाच," ती म्हणाली. "अगदी हाच. बबडी..."

आणि मग धाकटीला कळायच्या आत ती उठून बेसिनपाशी गेली. नळ सोडला, साबण घेतला आणि घासायला लागली. पेनाची शाई लगेच जात नव्हती. तिने नखं लावली. पाणी निळसर झालं, मग स्वच्छ झालं, तरी ती घासतच होती. धाकटीने पुढे होऊन नळ बंद केला. हात लालभडक झाला होता. नेमका तेवढाच, त्याच जागी.

"जरा चुकलं होतं," टेलरबाई पदार्थाची चव सांगावी तशा आवाजात म्हणाली. "शेपूट एवढं नव्हतं वळलेलं. पुढच्या वेळी बघू."

त्यानंतर ती येतच राहिली. कधी शेपूट डावीकडे हवं, कधी कड एवढी दातेरी नव्हती, कधी रंग गडद. धाकटी काढून द्यायची. ती हात बघायची, ओठ मुडपायची आणि म्हणायची, "नाही. जवळ आलंय, पण नाही."

प्रत्येक वेळी नवरा बाहेर अक्काच्या खुर्चीत बसायचा. उगाच कसं बसून राहायचं म्हणून पहिल्यांदा त्याने केस कापून घेतले. दुसऱ्यांदा परत कापले. तिसऱ्यांदा अक्काने त्याच्या डोक्यावरून कंगवा फिरवला आणि आरशात त्याच्याकडे पाहिलं. "आता उरलंय काय कापायला? कान?"

"दाढी करा," तो म्हणाला.

त्या दिवशी त्याने दाढी करून घेतली आणि साबणाच्या फेसातून बोलता बोलता सांगून टाकलं. धाकटी पुढच्या खोलीत पाणी प्यायला आली होती, तिने ऐकलं.

"डॉक्टर भले आहेत. घाई करत नाहीत. पण त्यांनी सांगून टाकलंय, मेंदू परत यायचा नाही. यंत्र आहे तोवर असंच. काढलं तर जाईल, त्रास होऊ देणार नाहीत. म्हणाले, दोघांनी मिळून ठरवा." त्याने हनुवटी वर केली, वस्तरा खालून गेला, मग पुन्हा बोलला. "मी लिफ्टवाला माणूस. तिथे बसलो की त्या यंत्राचाच आवाज ऐकत बसतो. मोटर चांगली आहे हो. खूप वर्षं चालेल ती."

"आणि बाई काय म्हणतात?" अक्काने विचारलं.

"ही म्हणाली, माझ्या हातावरचं काम झालं की सांगते. डॉक्टरांनाही तसंच सांगितलंय. ते हो म्हणाले. त्यांना वाटलं, दोन-चार दिवसांचं काम असेल."

पेला हातात धरून धाकटी उभीच राहिली.

ते गेल्यावर अक्काने झाडू घेतला आणि पुष्कळ जोरात जमीन झाडली. "तुला माहीत होतं?"

"नाही. हे नव्हतं माहीत."

"पण चित्र बरोबर आलेलं आहे. कधीचंच."

धाकटीने पेला धुऊन पालथा घातला.

"म्हणजे तू आता मुद्दाम चुकीचं काढतेस. ती सांगेल तसं."

"ती गिऱ्हाईक आहे, अक्का. ती हो म्हणेपर्यंत..."

"तुझं ते हो-बी राहू दे बाजूला! तिकडे ती पोर पडलीय नळ्यांत. इकडे हा माणूस माझ्या खुर्चीत सोलून निघतोय. आणि तू शेपट्या काढत बसलीस, आज डावी, उद्या उजवी."

"मग काय करू? हात धरून बसवू तिला?"

अक्काने झाडू भिंतीला टेकवला. तिने रेडिओ लावला.

धाकटीने खरं चित्र, जाळीवर उतरवलेलं, खणात एका जाड पुठ्ठ्याखाली ठेवलं होतं. त्या दिवशी तिने ते काढून पाहिलं. शाळेत असताना एक शिक्षक तिला नेहमी सांगायचे, आकृती सुंदर काढू नका, जशी आहे तशी काढा. तिने तेच केलं होतं आयुष्यभर. आणि आता रोज एका बाईच्या हातावर ती खोटं काढत होती. पहिल्यांदा काढताना तिचा हात अडला होता. हल्ली अडत नव्हता, आणि तिला त्याचीच भीती वाटली.

पुढच्या खेपेला टेलरबाई म्हणाली, शेपूट मुळात दोन फाटे फुटलेलं होतं. धाकटीने पेनाचं टोपण काढलं. पुन्हा लावलं.

"मला नाही काढता येणार," ती म्हणाली. "असं मी पाहिलेलं नाही."

"मी सांगतेय ना."

"तुमच्या सांगण्यावरून आजपर्यंत काढलं. आता परत बघितल्याशिवाय नाही काढणार. चला, तिच्याकडे जाऊ. दोन फाटे असतील तर दोन काढीन."

टेलरबाई चिडली. "तुम्हाला काय, एकदा बघून झालं. परत परत काय बघायचंय? प्रदर्शन आहे का?"

"नसेल जायचं तर नको."

पण टेलरबाई उठली. कदाचित तिला खरंच वाटत असेल की दोन फाटे आहेत.

नर्स तीच होती. ती म्हणाली, "आलात? बरं झालं. सूज उतरलीय बघा," आणि जीभ चावून बाजूला झाली.

सूज उतरली होती. तिच्याबरोबर बाकीचंही बरंच काही उतरलं होतं. पांघरुणाखाली गुडघ्यांचे दोन उंचवटे होते आणि मधे काहीच नव्हतं. हात उताणा पडला होता. कातडी सैल होऊन हाडावरून एका बाजूला ओघळली होती. तिच्यात बारीक सुरकुत्या पडल्या होत्या आणि डाग त्या सुरकुत्यांत मिटला होता. पहिल्या खेपेला पसरट दिसलेला तो आता आक्रसलेला होता, घडी घालून ठेवलेल्या कापडासारखा. यंत्राचा आवाज मात्र पहिल्यासारखाच होता.

धाकटीने दोन बोटांनी कातडी हलकेच सारखी केली. सुरकुत्या सुटल्या. डागाची खालची कड उघडी पडली. तिथून एक बारीक रेघ निघाली होती, दोऱ्याएवढी, मनगटाकडे जाऊन किंचित वळलेली. एकच होती.

"शेपूट आहे," धाकटी म्हणाली.

टेलरबाई वाकली. "होतं ना?"

"होतं. तुम्ही म्हणत होता तसंच."

"मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं तुम्हाला."

"हो. सांगितलं होतं."

टेलरबाईने पर्समधून तपकिरी कापडाचा एक तुकडा काढला. बाकीचे तिने कधीच टाकून दिले असावेत. हा एकच उरला होता. तिने तो डागावर ठेवला. तो सगळ्या बाजूंनी बाहेर आला. तिने तो फिरवून ठेवला, मग उचलून घेतला. मग गळ्यातली मोजपट्टी ओढून काढली आणि मुलीच्या हाताभोवती, कोपराखाली, गुंडाळली. वर्षानुवर्षांच्या सवयीने तिचा अंगठा पट्टीवर मुलीच्या मापापाशी जाऊन थांबला. पट्टीचं टोक तिथवर पोचलं, पुढे गेलं, आणि तरी पट्टी हाताभोवती सैलच लोंबत राहिली. तिने ती ओढली. अंगठा जागचा सुटला आणि आकड्यांवरून मागे मागे सरकत गेला.

"हे माप आहे माझ्याकडे," ती म्हणाली. "चौथी-पाचवीतलं आहे. तेव्हा हात नुसत्या काड्या होत्या हिच्या. तेव्हाच सुरू केल्या मी लांब बाह्या."

नर्स खिडकीपाशी जाऊन पडदा सारखा करू लागली. तो सारखाच होता.

टेलरबाईने पट्टी सोडवली, गुंडाळी केली आणि पर्समध्ये ठेवली. गळ्यात घातली नाही. मुलीचा हात पांघरुणात घालायला तिने पांघरूण उचललं आणि मग विचार बदलला. हात बाहेरच ठेवला, डाग वर येईल असा.

"ताई," मुलीकडे बघतच ती म्हणाली, "मी घासून टाकला होता तो. तो आहे का अजून तुमच्याकडे?"

"आहे."

टेलरबाई पुन्हा आली तेव्हा दुपार होती आणि दुकानात दुसरं कोणी नव्हतं. तिच्या अंगातल्या कपड्याची डावी बाही कोपराच्या वरच संपत होती. कड आत दुमडून, बारीक टाके घालून शिवलेली होती. उजवी बाही होती तशीच लांब होती.

नवरा पुढे अक्काच्या खुर्चीत बसला. "दाढी," तो म्हणाला. दाढी अजून फारशी वाढलेली नव्हती. अक्काने ब्रश ओला केला आणि फेस काढायला घेतला.

आत धाकटीने पुठ्ठ्याखालचा कागद काढला. टेलरबाईच्या हाताचा घेर पुन्हा मोजला आणि त्या मापाला चित्र बसवलं. स्टेन्सिलचा कागद हातावर चिकटवून सोलून काढला. जांभळ्या रेषेत डाग हातावर उमटला.

"बघून घ्या."

टेलरबाईने पाहिलं. या वेळी हात दिव्याखाली धरला नाही.

"लोक विचारतील," धाकटी म्हणाली. "उघड्यावर आहे. सांगाल ते?"

"सांगीन."

"करू?"

टेलरबाईने मान हलवली. धाकटी थांबून राहिली. दिव्याभोवती एक चिलट फिरत होतं. दोघींनी त्याच्याकडे पाहिलं.

"हो," टेलरबाई म्हणाली. "करा."

सुईला वेळ लागला. धाकटीने आधी कड भरली, दातेरी बाजू दाता-दाताने. मग फिका तपकिरी रंग पातळ करून घातला, थरावर थर, म्हणजे खालची कातडी दिसत राहील. मधला भाग तिने गडद केला, कापडाच्या सगळ्या तुकड्यांत जो सारखा होता तेवढाच. टेलरबाई एकदाही कण्हली नाही. फक्त मधे एकदा म्हणाली, "त्यात दोन केस होते."

"पाहिलेत मी."

"ते नका काढू. ते तिचेच राहू देत."

शेवटी शेपूट राहिलं. धाकटीने श्वास रोखला आणि ते एका ओढीत काढलं, मनगटाकडे, टोकाशी किंचित वळवून. सुई उचलली. रक्ताचे दोन-तीन बारीक थेंब आले होते, ते टिपले. मलम लावलं. वर पारदर्शक पट्टी चिकटवताना तिच्या लक्षात आलं की आपला हात दुखतोय, आणि तो बराच वेळ दुखत असणार.

"दोन-तीन दिवस पाणी नको," ती सवयीने म्हणाली. "खपली धरली तर ओढू नका. आपोआप पडेल."

टेलरबाई उठली. दुसऱ्या हाताने डाव्या कोपराला आधार देत तिने पडदा सारला आणि बाहेर गेली. धाकटी पडद्यातच थांबली.

नवऱ्याच्या अर्ध्या गालावर फेस होता. त्याला बायको आरशात दिसली, आणि मग तिचा हात. त्याने उठायला खुर्चीच्या दांड्या धरल्या.

"हलू नका, लागेल," अक्का म्हणाली.

तो बसला. आरशातूनच तो त्या हाताकडे बघत राहिला. टेलरबाई त्याच्या मागे येऊन उभी राहिली. अक्काने हात लांब करून रेडिओ बंद केला.

"अहो," टेलरबाई म्हणाली. "झालं बघा काम."

"दिसतंय."

"उद्या सकाळी डॉक्टरांना सांगायचं. बबडीची नळी काढा म्हणावं. आपण दोघं तिथे असू."

नवऱ्याने मान हलवली.

"मान नको," ती म्हणाली. "तोंडाने म्हणा."

अक्काने वस्तरा त्याच्या गालापासून दूर घेतला.

"हो," तो म्हणाला. "काढू या."